आधी माझ्या घरचा धूर

डॉ. मेहरुन्निसा अत्तार यांची माझी पहिली भेट दारात झाली आणि दारातच संपली. आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात त्या नव्याने रुजू झाल्या होत्या. मी भौतिकशास्त्राचा, शिवाय प्राध्यापक संघटनेचा कार्यकर्ता. नवे माणूस आले की त्याला संघटनेचे महत्त्व पटवून देणे हे माझे काम, आणि ते मी कधी थोडक्यात केलेले नाही. प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर पाय ठेवतो तोच आतून आवाज आला.

"थांबा सर. आत नको. डोक्याला तेल लावलंय ना आपण?"

"लावलंय. का?"

"कुठलं?"

"जास्वंदीचं."

"मग तिथूनच बोला."

मी तिथूनच बोललो. कामगार चळवळीपासून विद्यापीठ कायद्यापर्यंत सगळे बोललो. बाई काम करता करता ऐकत होत्या. शेवटी बाहेर आल्या, सदस्यत्वाच्या कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "भाषण उत्तम आहे, सर. तेल तेवढं बदला."

बाईंचे वडील शहरात अत्तराचे छोटे दुकान चालवत. त्या घरात वाढलेल्या या बाई स्वतः कधी अत्तराचा थेंबही लावत नाहीत, हे मला पुढे कळले. कारण त्यांच्या कामात आहे, आणि ते काम रसायनशास्त्राबाहेरच्या वाचकांना सांगितल्याशिवाय हा लेख पुढे जाऊ शकत नाही.

कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या. अशा असंख्य नळ्यांचा मिळून काळ्या कागदासारखा एक पापुद्रा तयार करता येतो. त्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तो अळूच्या पानावर राहतो तसा गोल आणि वेगळा राहतो. पण त्याच पापुद्र्यावर अतिनील प्रकाशाची आणि ओझोनची प्रक्रिया केली की पृष्ठभागाला ऑक्सिजन चिकटतो, आणि मग पाणी पसरते, आत झिरपते. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते तो मोजायचा. कोन मोठा असेल तर पाणी परके, लहान असेल तर पाणी आपले. पाणी गाळायची चाळणी करायची तर ते आपलेच हवे. अडचण अशी, की हा बदल नाजूक असतो. हवेत तरंगणारा तेलकट अंश, मग तो केसांच्या तेलाचा असो की कँटीनमधल्या तळणाचा, पापुद्र्यावर येऊन बसतो आणि पाणी पुन्हा परके होते. पृष्ठभागावर केलेली प्रक्रिया किती टिकते, कशाने बिघडते आणि पुन्हा कशी सुधारते, या प्रश्नावर बाईंनी आपली उमेदीची वर्षे घालवली. परदेशी नियतकालिकांत त्यांचे निबंध आले, त्यांचे संदर्भ आजही दिले जातात. ती यादी या गौरवग्रंथात अन्यत्र आहेच.

मला सांगायची आहे ती एकच हकिकत. ती सांगू नये, असा मला सल्ला मिळाला आहे. संपादक मंडळातल्या एका जुन्या मित्राने फोन केला. "साठीचा ग्रंथ आहे. सगळ्या प्रकारचे लोक वाचतील. तो खंडेनवमीचा प्रसंग टाळलात तर बरं. बाईंनाच त्रास व्हायचा." त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता, काळजी होती. तीच काळजी मलाही आहे; हा मजकूर लिहिताना प्रत्येक वाक्य मी दोनदा वाचतो आहे. व्यासपीठावर मी कधी आवाज चोरला नाही, पण आज लेखणी जपून धरावी लागते आहे, आणि याची मला मनस्वी चीड येते. म्हणून बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "खरं तेवढं लिहा. विशेषणं कमी करा." त्यातला पहिला अर्धा भाग मी पाळतो आहे.

प्रणिता वानखेडे ही बाईंची संशोधक विद्यार्थिनी. यवतमाळकडची, घरातली शिकलेली पहिलीच मुलगी. पुण्यात धायरीला दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहायची. तिच्या भागातल्या विहिरींच्या पाण्याने माणसांचे दात पिवळे पडतात आणि हाडे वाकतात. ते पाणी गाळणारा पापुद्रा तयार करायचा, हे तिने मनावर घेतले होते. प्रक्रियेनंतर तिच्या पापुद्र्यावर पाणी इतके सहज पसरे की बाईही थेंबाकडे पाहून मान डोलवत. आकडे पक्के होते. प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात अनुदान देणाऱ्या संस्थेचे एक तज्ज्ञ कामाचा आढावा घ्यायला आले. कडक शिस्तीचे, मोजके बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "आकडे पाहिले. आता थेंब दाखवा." प्रणिताने आपले सर्वांत चांगले नमुने काढले, कोन मोजणाऱ्या यंत्राच्या सुईखाली एक ठेवला, थेंब सोडला. थेंब गोल उभा राहिला. दुसरा नमुना घेतला; तोही तसाच. तिसऱ्यावर तर थेंब घरंगळून खाली गेला.

तज्ज्ञांनी चष्मा काढला. "मग हे आकडे आले कुठून?"

त्या एका प्रश्नाचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला होता. आकडे बनवले असा ठपका एकदा बसला की पदवी जाते, पुढची नोकरी जाते, आणि ज्या गावाने मुलीला पुण्याला पाठवले त्या गावात तिला तोंड दाखवता येत नाही. महिनाअखेर आपण पूर्ण समितीसह येणार, तोवर खुलासा तयार ठेवा, असे सांगून ते गेले.

बाईंनी सगळे तपासले. पाणी बदलले, सुई बदलली, यंत्राची जुळणी पुन्हा केली. नमुने हवाबंद काचपात्रात होते असे त्या धरून चालल्या होत्या. खंडेनवमीच्या दिवशी त्या एका बैठकीसाठी मुंबईला गेल्या होत्या. हवाबंद नमुने आठवड्यात असे उलटतात कसे, हे त्यांना कळेना. प्रणिता यायची थांबली. फोनही उचलेना. दोन दिवसांनी बाई माझ्याकडे आल्या.

"सर, धायरीला जायचंय. माझ्याबरोबर याल? आवाज खाली ठेवायच्या अटीवर."

बाईंचे घर बिबवेवाडीत. तिथून त्या डबा घेऊन स्वारगेटला आल्या, मला तिथे भेटल्या आणि आम्ही बसने धायरीला गेलो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "मुलगी खोटं बोलत नाही. पण काहीतरी सांगत नाहीये."

खोलीत बॅग भरलेली होती. प्रणिताचा फोन चालू होता, पलीकडून तिची आई बोलत होती. "काय करून राहिली तू तिथं एकटी? रडून राहिली ना? येऊन जा घरी." बाईंनी हात पुढे करून फोन घेतला. "नमस्कार ताई. मी तिची मॅडम. ती येईल घरी, पण प्रबंध देऊन येईल. आता जेवायला बसवते तिला." आणि खरोखरच बसवले. डब्यात मटकीची उसळ आणि चपात्या होत्या. ती जेवेपर्यंत बाईंनी कामाचा शब्द काढला नाही. मला बोलायची उबळ आली तेव्हा माझ्याकडे फक्त पाहिले.

ताट बाजूला सारून प्रणिता म्हणाली, "मॅडम, ते नमुने काचपात्रात नव्हते."

"कुठे होते?"

"पूजेत."

आमच्या विभागात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. प्रयोगशाळा सहायक भिलारे झेंडूच्या माळा आणतात, यंत्रांना हळद-कुंकू लावतात, समई आणि उदबत्ती लागते, पेढे वाटले जातात. कारखान्यांत, छापखान्यांत, रिक्षांच्या थांब्यांवर होते तशीच ही पूजा. मुले वह्या-पुस्तके पूजेत ठेवतात. प्रणिताने आपले पापुद्रे ठेवले. झाकण काढून, समईच्या पुढ्यात, दिवसभर. प्रबंधाची धास्ती होती, देवाचा आशीर्वाद असावा असे वाटले. संध्याकाळी तिने ते गुपचूप काचपात्रात परत ठेवले. बाईंना सांगायला तिला लाज वाटली, आणि माझे अंधश्रद्धेवरचे भाषण तिने ऐकलेले असल्यामुळे मला सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

"मॅडम, तुम्हाला काय वाटेल असं झालं मला. म्हणजे तुम्ही..." तिने वाक्य पुरे केले नाही.

"मी मुसलमान म्हणून?" बाई म्हणाल्या. "अगं, मला एवढंच वाटतंय की झाकण का काढलंस."

आणि ती मुलगी त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

नमुन्यांचे कोडे सुटले, पण माझी खरी काळजी तिथूनच सुरू झाली. नमुने बिघडले ते समईच्या आणि उदबत्तीच्या धुराने, हे उघड होते. पण ते सांगायचे कोणी? पूजेमुळे प्रयोग बिघडला, असे अत्तार आडनावाच्या बाईंनी समितीपुढे म्हटले तर दुसऱ्या दिवशी ते वाक्य कुठल्या कुठल्या फोनवर कोणत्या रूपात फिरेल, याची कल्पना मला होती. वाचकांनाही आहे. आणि न सांगावे तर त्या मुलीवर खोटेपणाचा शिक्का बसणार. मी पुष्कळ वाचले आहे, पुष्कळ बोललो आहे. सत्य निर्भयपणे मांडावे असे शेकडो श्रोत्यांना बजावले आहे. परतीच्या बसमध्ये मात्र मी बाईंना म्हणालो, "हे तुम्ही बोलू नका. मी बोलतो. माझं कोणी काही वाकडं करणार नाही."

बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "तुम्ही बोललात तर ते मत होईल, सर. तुमची मतं सगळ्यांना पाठ आहेत. इथे मोजमाप लागणार आहे."

दुसऱ्या दिवसापासून मोजमाप सुरू झाले. समई, उदबत्ती, कँटीनच्या फोडणीचा धूर, केसांचे तेल, सगळ्यांची चाचणी घ्यायची ठरली. प्रणिता समई लावायला निघाली तशी बाईंनी तिला थांबवले. पर्समधून एक पुडी काढली. त्यात लोबान होता. त्यांच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या आई लोबानाचा धूर करतात. घराच्या कोनाकोपऱ्यातून तो फिरतो.

"आधी माझ्या घरचा धूर," बाई म्हणाल्या.

भिलारेंनी निखारा केला. लोबान पडला, पांढरा दाट धूर उठला. झाकण काढलेला नमुना त्यात ठेवला. लोबानानंतर वडिलांच्या दुकानातल्या अत्तराची कुपी आली, मग इतर सगळे. कोणत्या नमुन्याला कोणता धूर दिला हे भिलारेंनाच ठाऊक असे. ते ताटल्यांवर नुसत्या खुणा करत. थेंब मोजणाऱ्या प्रणिताला आणि बाईंना ते कळू द्यायचे नाही, असा बाईंचा नियम. आपल्याला हवे तेच डोळ्यांना दिसू नये म्हणून.

भिलारे दुसऱ्या दिवशी मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "सर, पूजा मी केली. माझ्यावर तर येणार नाही ना?" मी त्यांना धीर दिला, तो माझ्याजवळ कितपत होता हा प्रश्न वेगळा. हेच बाईंच्या कानावर गेले तेव्हा त्या त्यांना म्हणाल्या, "भिलारे, समईला चूक-बरोबर नसतं. ती जळणार, तेल उडणार. झाकण काढलं ते आमच्या माणसानं."

खुणा उघडल्या. लोबानाच्या धुरातल्या नमुन्यावर थेंब गोल उभा होता. समईच्याही, उदबत्तीच्याही, फोडणीच्याही. कमीअधिक फरक होता, पण कोणताच धूर निर्दोष नव्हता. बंद पात्रातल्या नमुन्यांवर मात्र पाणी पूर्वीसारखेच पसरत होते. आणि ज्यावर सगळे अवलंबून होते ती गोष्ट शेवटी झाली. धुराने बिघडलेला नमुना बाईंनी पुन्हा अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवला, आणि त्याच्यावर पाणी परत पसरले. म्हणजे प्रणिताचे जुने आकडे खरे होते. पापुद्रा बदलला नव्हता. त्याच्या अंगावर फक्त काजळी आणि तेल बसले होते.

खुलाशाचा मसुदा वाचून विभागप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतले. ते स्वभावाने सज्जन, पण निवृत्तीला आलेले.

"बाई, 'पूजा' हा शब्द काढा. 'वातावरणातील घटक' म्हणा. पुरे आहे तेवढं."

"कोणता घटक, असं विचारलं तर?"

"कशाला विचारतील?"

"मी असते तर विचारलं असतं."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"ठाऊक आहे, सर. पण घटकाला नाव नसलं की संशय मुलीकडे जातो. मला माझं भलं तिचं नुकसान करून नको."

शब्द राहिला.

समिती आली त्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर होतो. मला तिथे बसायचा काही अधिकार नव्हता. कोणी हाकलले नाही एवढेच. बाई उभ्या राहिल्या. नेहमीचा सुती दुपट्टा, नेहमीचा सपाट आवाज. "खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा झाली. त्यात हे नमुने उघडे होते. समईच्या आणि उदबत्तीच्या धुराने थेंबाचा कोन वाढतो. माझ्या घरी लोबान जाळतात, त्यानेही वाढतो. दोन्हींची मोजमापं शेजारी शेजारी ठेवली आहेत." बस, इतकेच. मी हे भाषण केले असते तर ते तासभर चालले असते आणि त्याने काहीही सिद्ध झाले नसते.

ते कडक तज्ज्ञ प्रणिताकडे वळले. "तुम्ही स्वतः नमुने पूजेत ठेवलेत?"

"हो सर."

"का?"

तिने बाईंकडे पाहिले नाही. "माझे सगळ्यांत चांगले होते म्हणून."

खोलीत कोणी हसले असते तरी ती मुलगी तिथेच मोडली असती. कोणी हसले नाही. तज्ज्ञ उठले, धुराने बिघडलेल्या नमुन्यांतला एक त्यांनी स्वतः निवडला, दिव्याच्या पेटीत ठेवायला सांगितला, आणि पेटी बंद झाल्यावर खुर्ची ओढून तिच्यापुढेच बसले. नजर हलवली नाही. बाहेर काढलेला नमुना त्यांनी स्वतःच्या हाताने सुईखाली ठेवला, आणि थेंबही स्वतः सोडला. थेंब टेकला, कडेने सपाट झाला आणि काळ्या पापुद्र्यावर हळूहळू ओल होऊन पसरला. ते बराच वेळ खाली वाकून पाहत राहिले.

मग सरळ झाले. "पदवीला हरकत नाही. आणि हा धुराचा भाग प्रबंधात प्रकरण म्हणून घाला. अनेकांच्या उपयोगी पडेल." दाराशी जाऊन थांबले आणि पुणेरी कोरडेपणाने म्हणाले, "पुढच्या वर्षी पूजेत पुस्तकं ठेवा. त्यांच्यावर पाणी टाकून कोणी बघत नाही."

प्रणिता आज विदर्भातल्या एका महाविद्यालयात शिकवते. तिच्या प्रबंधात धुराचे प्रकरण आहे, आणि त्यात लोबान पहिला आहे.

गोष्ट इथे संपली असती तर मी निश्चिंतपणे लिहिले असते. पण ते वाक्य बाहेर गेलेच, अर्धे होऊन. लोबान गळून पडला आणि पूजा तेवढी उरली. काही दिवस बाईंना अनोळखी माणसांचे फोन आले. दोन सहकाऱ्यांनी नमस्कार बंद केला. मी संघटनेची सभा बोलावतो म्हणालो. बाईंनी हात जोडून नको म्हटले. त्या रोज ठरलेल्या वेळी स्वारगेटवरून बसने येत राहिल्या, आणि बस येईपर्यंत थांब्यावर आमच्यापैकी कोणीतरी योगायोगाने उभे असायचे. त्यांना तो योगायोग कळत होता. त्यांनी तो चालू दिला. यापेक्षा मोठी मेहेरबानी त्यांनी आमच्यावर दुसरी केलेली नाही. पुढच्या खंडेनवमीला भिलारेंनी यंत्रांना माळा घालण्यापूर्वी येऊन विचारले, "बाई, डबे बंद आहेत ना?" "बंद आहेत," बाई म्हणाल्या, "लावा समई," आणि पेढा घेऊन कामाला लागल्या.

आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, आणि दुखतात असे त्या सांगत नाहीत. साखर वाढलेली आहे, आणि या समारंभात त्यांच्यापुढे पेढ्यांचा डबा कोणी ठेवू नये, अशी माझी आयोजकांना विनंती आहे. त्यांना चांगली झोप लागो, नजर तीक्ष्ण राहो, हात असाच स्थिर राहो. त्यांच्या मातोश्रींची सावली त्यांच्यावर अजून पुष्कळ वर्षे राहो.

आणि माझे स्वतःचे एक मागणे आहे. दिव्यातून तेल उडते, ही शाळकरी मुलालाही कळणारी गोष्ट. ती बोलून दाखवण्यासाठी आमच्या शहरातल्या एका शिक्षिकेला धैर्य गोळा करावे लागले, आणि तिच्या मित्राला ती लिहिताना आजही दाराकडे पाहावे लागते. इतके साधे बोलायला कोणालाच धैर्य लागणार नाही असा दिवस कधी उगवेल, मला माहीत नाही. कितीही उशिरा उगवो. तो आपल्या डोळ्यांनी पाहण्याइतके आयुष्य डॉ. मेहरुन्निसा अत्तार यांना मिळो.